तुलोऊ म्हणजे हक्कांची गोल घरं? अर्धंच खरं

चीनच्या फूच्येन प्रांतातली ती मातीची प्रचंड गोल घरं फोटोत पाहिली की खाली ओळ ठरलेली: ‘हक्का लोकांची तुलोऊ’. तुलोऊ म्हणजे ही मातीची घरं आणि हक्का म्हणजे दक्षिण चीनमधला, स्वतःची वेगळी भाषा असलेला एक समाज. ही ओळ दोन ठिकाणी घसरते.

एक तर सगळी तुलोऊ गोल नसतात. चौकोनीही भरपूर आहेत. नानचिंग तालुक्यातला थ्येनलुओखंगचा पाच घरांचा पुंजका घ्या. तीन गोल, एक लंबगोल आणि मधोमध चौकोनी. गंमतीने त्याला ‘चार पदार्थ आणि एक सूप’ म्हणतात. त्यातलं सर्वांत जुनं, १७९६ चं घर कोणतं? मधलं चौकोनी!

दुसरं, तुलोऊ फक्त हक्कांची नाहीत. ह्वाआन तालुक्यातलं १७७० चं अरयीलोऊ हे तुलोऊ मिन्नान, म्हणजे दक्षिण फूच्येनची भाषा बोलणाऱ्या च्यांग घराण्याचं. फरक आत शिरल्यावर कळतो. हक्का घरांत सहसा जिने सामायिक आणि प्रत्येक मजल्यावर खोल्यांपुढून गोल फिरणारा सज्जा. आपल्या चाळीची आठवण यावी असा. तळाला स्वयंपाकघर, वर धान्याची कोठी, त्यावर झोपायच्या खोल्या. अरयीलोऊत मात्र प्रत्येक बिऱ्हाडाचा जिना स्वतंत्र.

उलट, हक्कांचं माहेरघर मानलं जाणारं क्वांगतुंग प्रांतातलं मेइचौ ओळखलं जातं ते तुलोऊंसाठी नव्हे, तर मागे अर्धवर्तुळ असलेल्या बैठ्या वाड्यांसाठी. युनेस्कोनेही २००८ मध्ये ४६ वास्तू जागतिक वारसा यादीत घेतल्या त्या ‘फूच्येन तुलोऊ’ या नावाने. त्यात ‘हक्का’ हा शब्द नाही.