रेडिओग्राफी की रेडिओथेरपी? नावं जुळी, कामं वेगळी

बारावी सायन्सचा निकाल लागतो, एमबीबीएसचं गणित बसत नाही आणि मुंबईतल्या बऱ्याच घरांत पॅरामेडिकल कोर्सची यादी उघडली जाते. त्या यादीत रेडिओग्राफी आणि रेडिओथेरपी ही दोन नावं असतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटीत (पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी) दोन्हींना तीन वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप. अलाइड हेल्थकेअरच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यानेही दोघांना एकाच गटात बसवलंय. मग नात्यातलं कुणीतरी निकाल देऊन टाकतं, "सारखंच आहे गं ते, जिथे सीट मिळेल तिथे घे."

सारखं अजिबात नाही. रेडिओग्राफीत शरीराच्या आत काय चाललंय ते दाखवायचं असतं, रेडिओथेरपीत आतली गाठ जाळायची असते. आणि माझ्या मते मशीनपेक्षाही मोठा फरक माणसाचा आहे: एकीकडे रुग्ण दहा मिनिटं भेटतो, दुसरीकडे महिना-दीड महिना रोज.

डॉक्टर मंडळींना आधी बाजूला काढू. रेडिओलॉजिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी किंवा डीएनबी केलेले, रिपोर्टवर सही करणारे डॉक्टर. रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट हेही डॉक्टरच, कॅन्सरला किरण कुठे आणि किती द्यायचे हे ठरवणारे. आपण बोलतोय ते त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टबद्दल.

छातीचा साधा एक्स-रे घ्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, उभं केलं, बटण दाबलं, झालं. प्रत्यक्षात रुग्णाला प्लेटकडे (किरण टिपणारी) तोंड करून उभं करतात, म्हणजे किरण पाठीतून शिरून छातीतून बाहेर पडतात. हृदय पुढच्या बाजूला असतं. ते प्लेटजवळ राहिलं की त्याची सावली फुगत नाही. किरण सोडणारी ट्यूब सहा फुटांवर ठेवतात तीही त्यासाठीच. हनुवटी वर, हात कमरेवर, कोपरं पुढे ढकललेली, म्हणजे खांद्यांची पाती फुप्फुसांवरून बाजूला होतात. मग "श्वास घ्या, रोखून धरा". मंगळसूत्र काढा म्हटलं की बऱ्याच मावश्या ते ब्लाउजमध्ये खुपसतात आणि काळ्या मण्यांची माळ फुप्फुसावर उमटते. श्वास अर्धवट घेतला असेल तर हृदय उगाच मोठं दिसतं आणि धडधाकट माणसाच्या मागे टूडी एकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) खर्च लागतो. एवढं सगळं एका मिनिटात उरकायचं, कारण सरकारी किंवा महापालिकेच्या ओपीडीत दाराबाहेर रांग जिन्यापर्यंत गेलेली असते.

हे झालं उभं राहू शकणाऱ्या माणसाचं. रात्री कॅज्युअल्टीत लोकलमधून पडलेला मुलगा येतो, त्याला ना वळवता येतं ना उठवता. तरी हाडाचे दोन फोटो लागतातच, एकमेकांशी काटकोनात, नाहीतर सरळ दिसणारं हाड बाजूने मोडलेलं निघतं. अशा वेळी रुग्णाला हलवायचं नाही, ट्यूब आणि प्लेट फिरवायची. पुस्तकातली पोझिशन इथे कामाला येत नाही, ती का तशी आहे हे कळलेलं असेल तरच निभावतं. शिवाय आयसीयूत पोर्टेबल एक्स-रे मशीन घेऊन जायचं, ऑर्थोच्या ऑपरेशनला सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं मशीन) सांभाळायचा, कॅथलॅबला (अँजिओग्राफीच्या खोलीत) उभं राहायचं. तीन पाळ्या, रात्रपाळी, दिवाळीतही ड्युटी.

सीटी आणि एमआरआय हा याच शाखेचा पुढचा टप्पा. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतात, चुंबक असतं, आणि ते चोवीस तास चालू असतं, स्कॅन चालू असो वा नसो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्याच एका सार्वजनिक रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. म्हणून त्या दारावर उभं राहून मामांना (वॉर्डबॉयना), नातेवाइकांना, प्रसंगी डॉक्टरांनाही अडवणं हा टेक्नॉलॉजिस्टच्या कामाचा भाग आहे. ज्याला मोठ्या माणसाला "थांबा" म्हणता येत नाही, त्याने या खोलीचा विचार जरा जपून करावा.

सोनोग्राफीचं वेगळं सांगायला हवं. अमेरिकेतली माहिती वाचून मुलं विचारतात, सोनोग्राफर व्हायला काय करावं? तिथे तो स्वतंत्र पेशा आहे. आपल्याकडे १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आहे; गर्भलिंग निदान रोखण्यासाठी मशीनची नोंदणी लागते आणि प्रोब हातात घ्यायला पात्र डॉक्टरच लागतो. म्हणजे रेडिओग्राफी करून इथे सोनोग्राफी करायला मिळेल, ही आशा सोडून द्या.

आता परळला टाटात जाऊ. १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल म्हणजे देशभरच्या कॅन्सर रुग्णांचा पत्ता. रेडिओथेरपी विभागात येणारा रुग्ण जळगावचा असतो, गोरखपूरचा असतो, आसामचा असतो. तो दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकाच्या चाळीतल्या खोलीत मुक्कामाला असतो, आणि सोमवार ते शुक्रवार रोज येतो. ठरावीक पद्धतीत दिवसाला २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), असे २५ दिवस, एकूण ५० ग्रे. काही कॅन्सरमध्ये याहून जास्त, काहींत कमी दिवसांत उरकणारं वेळापत्रक. तुलनेसाठी, छातीच्या एका एक्स-रेत त्वचेला मिलिग्रेच्या दहाव्या भागाच्या आसपास मिळतं, आणि इथे एका दिवसात गाठीला २००० मिलिग्रे. निदानाच्या ट्यूबला सव्वाशे किलोव्होल्टपर्यंत पुरतात, लिनॅक, म्हणजे उपचाराचे किरण देणारं मशीन, ६ मेगाव्होल्टपासून पुढे चालतो.

एवढा मारा करायचा तर तो रोज त्याच जागी पडला पाहिजे. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर असेल तर आधी मोल्ड रूममध्ये (साचे बनवायच्या खोलीत) ऑर्फिट, म्हणजे चेहऱ्याचा साचा, बनतो. जाळीदार प्लास्टिकची पांढरी शीट गरम पाण्यात टाकली की लुळी पडते. ती चेहऱ्यावर ओढून खांद्यापर्यंत दाबून बसवायची, काही मिनिटांत ती त्या चेहऱ्याचा साचा होऊन घट्ट होते. पहिल्यांदा बरेच जण घाबरतात, नाक-डोळे झाकलेले, डोकं टेबलाला खिळलेलं. या वेळी बोलत राहणारा टेक्नॉलॉजिस्ट आणि गप्प राहणारा टेक्नॉलॉजिस्ट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हाच ऑर्फिट घालून सीटी होतो, त्यावर डॉक्टर आणि मेडिकल फिजिसिस्ट (किरणांचा हिशेब करणारे) प्लॅन करतात आणि मग रोजचा उपचार सुरू होतो.

रोज काय होतं? नाव आणि फाइल जुळवायची, टेबलावर झोपवायचं, ऑर्फिट लावायचा, भिंतींवरच्या लेझरच्या रेषा साच्यावरच्या खुणांशी जुळवायच्या, टेबल मिलिमीटरने सरकवायचं. दुसरा टेक्नॉलॉजिस्ट तेच पुन्हा तपासतो. मग सगळे बाहेर, जाड काँक्रीटच्या बंकरचं दार बंद, कॅमेऱ्यावर नजर. किरण प्रत्यक्षात काही मिनिटंच चालतात. वेळ जातो तो जुळवण्यात. छातीच्या किंवा पोटाच्या रुग्णाच्या खुणा थेट कातडीवर असतात, आणि "आंघोळीत घासू नका" हे रोज सांगूनही एखादे आजोबा साबणाने लख्ख धुऊन येतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, जेवण जात नाही, वजन उतरतं आणि ऑर्फिट सैल पडतो. हे सगळ्यात आधी टेक्नॉलॉजिस्टच्या हाताला कळतं, कारण तो साचा रोज तोच बसवतो. डॉक्टरांना सांगून नवा साचा, कधी नवा प्लॅन करावा लागतो. काही रुग्ण मधेच येईनासे होतात, त्यांना फोन करून बोलवावं लागतं, कारण मधल्या सुट्टीत गाठ पुन्हा वाढते. या कामात माणसं लक्षात राहतात. काही बरी होऊन पेढे घेऊन येतात, काहींची फाइल बंद होते. हे पेलवणार की नाही याचा विचार फॉर्म भरण्याआधी करायचा.

गोंधळात भर घालणारी एक गोष्ट खरी आहे. आजकालच्या लिनॅकवर उपचाराआधी टेबलावरच सीटीसारखी प्रतिमा घेतात आणि ती प्लॅनशी जुळवतात. म्हणजे रेडिओथेरपीवालाही फोटो काढतो. पण तो रोग शोधत नसतो, जागा शोधत असतो. म्हणून चुकीची किंमतही वेगळी. एक्स-रे हलला तर पुन्हा काढता येतो, रुग्णाला थोडे जास्त किरण मिळतात आणि वेळ वाया जातो. चुकीच्या जागी दिलेले २ ग्रे परत घेता येत नाहीत. रेडिओथेरपीत कुणी घाई करताना दिसला तर सीनियर ओरडतात, ते याचमुळे.

आता आईवडिलांचा ठरलेला प्रश्न: रेडिएशनमध्ये काम केलं तर मूलबाळ होईल ना? एवढे मोठे किरण म्हणजे रेडिओथेरपी जास्त धोक्याची, असं सगळे धरून चालतात. गंमत अशी की रेडिओथेरपीत किरण चालू असताना आत रुग्णाशिवाय कुणीच नसतं, आणि लिनॅकचं बटण बंद केलं की किरण संपले. कोबाल्टचं मशीन (किरणोत्सारी कोबाल्टवर चालणारं) असेल तर स्रोत सतत किरण देत असतो, पण तो जाड कवचात बंद असतो. कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे उपचाराचा वेळ वाढत जातो; भाभाट्रॉन हे आपल्या बीएआरसीने (भाभा अणुसंशोधन केंद्राने) बनवलेलं मशीन याच जातीचं. उलट कॅथलॅब आणि सी-आर्मला माणूस रुग्णाच्या शेजारी उभा असतो, लेड (शिशाचा) एप्रन घालून का होईना. जपायला जास्त तिथे लागतं. एक पाऊल मागे सरकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. अंतर दुप्पट केलं की किरण चौथाईवर येतात.

नियम अणुऊर्जा नियामक मंडळाचे, ज्याची स्थापना १९८३ ची आणि कार्यालय आपल्या अणुशक्तीनगरातच. कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (माणसाला मिळालेल्या डोसचं माप), कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. गरोदरपण कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी १ मिलिसिव्हर्टची मर्यादा. अठराच्या आतल्याला या कामावर ठेवता येत नाही. सोळा ते अठराच्या शिकाऊंना वर्षाला ६. मोजमाप छातीवर लावलेल्या टीएलडी बॅजने (किरणांचा डोस नोंदवणाऱ्या बिल्ल्याने) होतं, तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. एप्रन असेल तर बॅज एप्रनच्या आत लावायचा, आणि घरी जाताना एक्स-रे रूममधल्या खुंटीवर टांगून जायचा नाही, नाहीतर बॅजला डोस मिळतो आणि खुलासा तुम्हाला लिहावा लागतो.

नोकरीचं थोडक्यात. रेडिओग्राफीच्या जागा नाक्यानाक्यावर आहेत. बोरिवली ते बदलापूर कुठेही डायग्नोस्टिक सेंटर सापडेल, पण छोट्या सेंटरांत पगार दबलेला असतो आणि सीटी-एमआरआय हातात आल्याशिवाय फारसा हलत नाही. रेडिओथेरपीच्या जागा मोजक्या, बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत. गावी परत जायचं असेल तर जवळच्या शहरात मशीन आहे का ते आधी बघावं लागेल. पण शिकलेली माणसंही कमी, आणि वेळापत्रक बरंचसं दिवसाचं. खारघरला टाटाच्याच अॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचारही (एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचा मारा) सुरू झालेत, म्हणजे वर चढायला पायऱ्या आहेत. न्यूक्लियर मेडिसिन (किरणोत्सारी औषध शरीरात देऊन तपासणी किंवा उपचार) हा तिसराच रस्ता, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचं शिक्षण बीएससीनंतरचं.

कॉलेज बघायला जाल तेव्हा रेडिओथेरपीच्या सीटसाठी एकच गोष्ट खणून विचारा: लिनॅक किंवा कोबाल्ट तुमच्या स्वतःच्या हॉस्पिटलात आहे की मुलांना दुसरीकडे पाठवता, आणि तिथे दिवसाला किती रुग्ण होतात? रेडिओग्राफीसाठी विचारा की सीटी आणि एमआरआयवर विद्यार्थ्याला हात लावू देतात की काचेमागून बघायला लावतात. आणि दोन्हीकडे, पहिल्या पोस्टिंगच्या आधी विद्यार्थ्याच्या नावाचा टीएलडी बॅज येतो का. काउंटरवरचा माणूस या प्रश्नाला अडखळला तर दुसरं कॉलेज बघा.