समुद्रातला रेग्युलेटर एवढा महाग का?

घरच्या गॅस सिलिंडरवर खटकन बसतो तो रेग्युलेटर २५० रुपये अनामतीवर मिळतो. स्कूबा डायव्हिंगच्या टाकीवर बसतो त्यालाही रेग्युलेटरच म्हणतात. अमेरिकेतल्या दुकानात त्याचा साधा संच ३००-४०० डॉलरला सुरू होतो आणि हजाराच्या पुढे सहज जातो. नाव एकच, आणि गंमत म्हणजे कूळही एकच.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये पेट्रोल मिळेनासं झालं होतं. एअर लिक्विड कंपनीतला इंजिनिअर एमिल गान्यां मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप तयार करत होता. पाण्याखाली हवा कशी पुरवायची या विवंचनेत असलेला नौदल अधिकारी जाक कूस्तो त्याला भेटला आणि तीच झडप १९४३ मध्ये समुद्रात उतरली.

घरच्या रेग्युलेटरच्या पोटात एक रबरी पडदा असतो. त्याच्या एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला एक स्प्रिंग आणि झाकणातल्या बारीक भोकातून आलेली खोलीतली हवा. पडदा हलतो तशी झडप उघडते-मिटते आणि शेगडीकडे जाणाऱ्या गॅसचा दाब खोलीतल्या हवेपेक्षा साधारण ३० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतकाच जास्त राहतो. स्कूबात खोलीच्या जागी समुद्र येतो, एवढाच मुळातला फरक. पाणी पडद्याला जितकं रेटेल, तितक्याच दाबाची हवा तोंडात आली पाहिजे. नाहीतर श्वास घेताच येत नाही. नुसती लांब नळी तोंडात धरून एक मीटर खाली गेलात तरी छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचं ओझं पडतं आणि फासळ्यांचे स्नायू हात टेकतात. दहा मीटरवर एकूण दाब वातावरणाच्या दुप्पट होतो.

कूस्तोची पहिली चाचणी मार्न नदीत झाली आणि फसली. आडवा पोहताना हवा नीट येई, उभा राहिला की भसाभस वाया जाई, डोकं खाली केलं की श्वास ओढवेना. कारण उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा आणि पडदा यांच्यात अंतर होतं, म्हणजे दोघांवरचा पाण्याचा दाब वेगळा. दोन्ही अगदी शेजारी आणल्यावर काम झालं. वीत-दीड वीत पाण्याचा फरक इथे श्वास अडवू शकतो, हे लक्षात ठेवलं की पुढच्या किमती जरा कमी बोचतात.

टाकीत २०० बार दाबाची हवा असते. एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब. मोटारीच्या टायरमध्ये असते जेमतेम दोन-सव्वादोन बार. ही २०० बारची हवा दोन टप्प्यांत उतरवतात. टाकीवरचा पहिला टप्पा ती भोवतालच्या दाबाहून नऊ-दहा बार जास्त इतकी खाली आणतो, तोंडातला दुसरा टप्पा बाकीचं करतो. टाकी भरलेली असो की संपत आलेली, हाताला, म्हणजे तोंडाला, फरक जाणवता कामा नये. युरोपच्या ईएन २५० या मानकानुसार रेग्युलेटर ५० मीटर खोलीच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर श्वासोच्छ्वासाच्या वेगाने तपासतात. तिथे दाब सहापट असतो, म्हणजे पृष्ठभागावरची ३७५ लिटर हवा दर मिनिटाला त्या चिमुकल्या झडपेतून जाते. बिघाड झालाच तर बहुतेक रेग्युलेटरांची रचना अशी असते की हवा बंद न होता उलट मोकाट सुटावी.

ओळखीच्या एका प्रशिक्षकाने एकदा माझ्यासमोर दुसरा टप्पा उघडला. छोट्या वाटीच्या तोंडाएवढा सिलिकॉनचा पडदा, त्याखाली वाकवलेल्या पत्र्याची तरफ, आणि टोकाला मसुराच्या दाण्याहून किंचित मोठी रबरी चकती. चकतीवर गोल वळ उमटला होता. झडपेची कड वर्षभर तिथेच टेकत होती. नवी चकती बसवून त्याने नट सूं आवाज येईपर्यंत सैल केला, मग आवाज थांबेपर्यंत केसभर घट्ट. शेवटी तोंडात धरायचा भाग वर ठेवून सगळं बादलीत हळूहळू बुडवलं. तीनेक सेंटिमीटरवर हवा फुसफुसली. म्हणजे श्वास ओढायला तेवढाच जोर लागणार. मी मनात म्हटलं, पैसे इथे जातात.

पण सगळेच पैसे तिथे जात नाहीत. २०० बारवरून हवा प्रसरण पावताना इतकी गार होते की थंड समुद्रात पहिल्या टप्प्यात बर्फ धरतो. ते टाळायला केलेल्या बंदिस्त रचनेचे जादा पैसे मालवणच्या कोमट पाण्यात कशाला मोजायचे? वाळू-गाळ आत जात नाही, एवढाच तिचा इथे उपयोग. पाण्याखाली किती खोल, किती वेळ राहणं सुरक्षित आहे ते सांगणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरचंही तसंच. त्यातल्या अनेकांचं गणित झुरिकच्या आल्बर्ट ब्यूलमान यांनी मांडलेलं आहे. शरीराचे १६ काल्पनिक कप्पे धरून कुठे किती नायट्रोजन साठला याचा हिशेब करायचा. ते छापून जाहीर झालेलं गणित आहे. आपण मोजतो ते दाबमापक, पाणी न शिरणारी डबी आणि पडद्याची झळाळी यांचे. माझ्या मते इथली किंमत सगळ्यात फुगवलेली आहे.

आणि सगळ्यात धडकी भरवणारी वस्तू, ती ॲल्युमिनियमची टाकी, मात्र त्या मानाने स्वस्त. तशाच टाक्या अग्निशमन दलाला, रुग्णालयांना, कारखान्यांना लागतात, त्यामुळे त्या घाऊक बनतात. रेग्युलेटर घेणारे फक्त पाणबुडे. थोडं गिऱ्हाईक, म्हणून साचे, चाचण्या आणि विम्याचा खर्च थोड्याच नगांवर वाटला जातो.

विकणारेही मोजकेच. इटलीत जेनोआची क्रेस्सी १९४६ पासून आणि रापाल्लोची मारेस १९४९ पासून. एअर लिक्विडच्या पोटातून निघालेली फ्रान्सची ॲक्वालंग. १९६३ ची अमेरिकन स्कूबाप्रो, जी आज जॉन्सन आउटडोअर्सच्या मालकीची आहे. डेकॅथलॉननेही सुबिया नावाने स्वस्त माल काढला आहे. मोठ्या ब्रँडचा माल बहुधा देशाचा वितरक आणि मग डाइव्ह शॉप अशा वाटेने येतो. आणि डाइव्ह शॉप नुसतं दुकान नसतं. तेच शिकवतं, तेच टाकीत हवा भरतं, तेच सर्व्हिसिंग करतं. अभ्यासक्रमाची फी चढाओढीत खाली आलेली असते, ती कसर सामानावर भरून निघते. नुकतंच ज्याच्या हातात जीव सोपवला, त्या गुरुजींनी सुचवलेला रेग्युलेटर नाकारायला छाती लागते.

ऑनलाइन स्वस्त दिसतो तो माल बऱ्याचदा अस्सलच असतो, पण अधिकृत वाटेने आलेला नसतो, म्हणून कंपनीची वॉरंटी लागू होत नाही. त्यातून काही कंपन्या चकत्या-रिंगांचं किट फक्त आपल्याच डीलरना देतात. म्हणजे स्वस्तात घेतलेला रेग्युलेटर दरवर्षी दुरुस्त कोण करणार, हे आधी विचारावं लागतं. टाकी तर आपल्याकडे हौसेने मागवायचीच नाही. उच्च दाबाच्या सिलिंडरला पेसो या स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची मंजुरी लागते. त्यांचं मुख्यालय नागपुरात, समुद्रापासून चांगलंच लांब. टाकी भाड्याचीच बरी.

मालवणला एकदाच बुडी मारून येणाऱ्याने काहीच घेऊ नये. पुन्हापुन्हा जाणार असाल तर आधी मास्क घ्या, कारण चेहरा भाड्याने मिळत नाही. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. माझ्या मिशीने या परीक्षेत तीन मास्क नापास केले. शेवटी दुकानदाराने कात्री पुढे केली आणि नाकाखालची बोटभर पट्टी भादरून घेतली.