‘डब्ल्यूजी’मधला डब्ल्यू आणि कोल्हापूरचे रूळ

कोल्हापूर स्टेशनाचे जुने फोटो या हातातून त्या हातात फिरतात, तेव्हा मालगाडीपुढच्या काळ्या इंजिनाखाली बहुतेक वेळा एकच नाव लिहिलेले सापडते: डब्ल्यूजी, वाफेच्या इंजिनाची एक जात. फोटो १९७१च्या आधीचा असेल, तर ते नाव चुकीचे आहे. तोवर कोल्हापुरात मीटरगेज होते. रुळांमधले अंतर १,००० मिलिमीटर, आणि डब्ल्यूजीला लागतात १,६७६, म्हणजे ब्रॉडगेज. ते इंजिन इथल्या रुळांवर उभेसुद्धा राहू शकले नसते. कोल्हापूरची रेल्वे आणि हे इंजिन यांचा संबंध असा सरळ जुळत नाही, आणि त्याची मुळे त्या दोन अक्षरांत आहेत.

जड मालासाठी वेगळे इंजिन हवे, ही कल्पना जुनीच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेजवर ‘एचजी’ म्हणजे हेवी गुड्स जातीची इंजिने आली. १९२०च्या दशकात देशभरासाठी ठरावीक नमुने तयार झाले. मालगाड्यांसाठीचे एक्सडी आणि एक्सई त्यातलेच. एक्सई ताकदवान होते, पण एका आसावर साडेबावीस टनांचा भार पडत असल्याने मोजक्याच मार्गांना ते पेलवे. मग दुसरे महायुद्ध आले आणि अमेरिका, कॅनडातून २-८-२ चाकांची (पुढे दोन लहान, मधे आठ मोठी, मागे दोन लहान) इंजिने मोठ्या संख्येने भारतात उतरली. साधी बांधणी आणि दुरुस्तीला सोपी. युद्धानंतर आपल्या नव्या इंजिनांचा आराखडा ठरला, तेव्हा त्यावर ब्रिटिश वळणापेक्षा या अमेरिकी बांधणीची छाप अधिक होती.

त्या आराखड्यातून आधी प्रवासी गाड्यांचे डब्ल्यूपी आले आणि १९५०पासून मालगाड्यांचे डब्ल्यूजी. दोघांचा बॉयलर एकाच नमुन्याचा, दाबही सारखाच, चौरस इंचाला २१० पौंड. फरक चाकांत. डब्ल्यूपीची मोठी चाके वेगासाठी, तर डब्ल्यूजीची जराशी लहान, पाच फूट दीड इंचाची आठ चाके ओढण्यासाठी. आसभार साडेअठरा टनांच्या आसपास ठेवल्याने एक्सई जिथे जाऊ शकत नव्हते, तिथेही हे चाले. माझ्या मते डब्ल्यूजीच्या यशाचे खरे कारण हेच. ताकद थोडी कमी चालेल, पण इंजिन सगळीकडे गेले पाहिजे, हा हिशोब नव्या देशाला लागू पडणारा होता.

पहिली इंजिने ग्लासगोहून आली. पण मान मिळाला तो ८४०१ क्रमांकाला. पश्चिम बंगालमधल्या चित्तरंजन इथल्या नव्या कारखान्यातून १ नोव्हेंबर १९५० रोजी बाहेर पडलेले हे पहिले इंजिन. नाव ‘देशबंधू’. प्रजासत्ताक होऊन वर्षही झाले नव्हते. सुरुवातीला बरेच भाग बाहेरून यायचे, हे खरे. तरीही त्या दिवसाचे मोल कमी होत नाही. पुढच्या वीस वर्षांत ब्रिटनसह युरोपातल्या काही देशांतून, जपानमधून आणि सर्वांत जास्त चित्तरंजनहून मिळून २,४५० डब्ल्यूजी रुळांवर आली. वाफेच्या इंजिनांची एवढी मोठी जात या देशात दुसरी झाली नाही.

आता अक्षरांकडे. ‘जी’बद्दल वाद नाही, जी म्हणजे गुड्स. गुंता आहे तो ‘डब्ल्यू’चा. सर्रास सांगितले जाते की डब्ल्यू म्हणजे वाइड, रुंद गेज. आणि मीटरगेजचा ‘वाय’ म्हणजे यार्ड. लक्षात ठेवायला हे सोपे आहे, आणि म्हणूनच ते रुजले. पण यार्ड म्हणजे ९१४ मिलिमीटर. हजार मिलिमीटरच्या गेजला यार्डाचे नाव कोण कशाला देईल? शिवाय १९२०च्या दशकातली नावे पाहा. ब्रॉडगेज एक्स, मीटरगेज वाय, नॅरोगेज झेड. एक्स, वाय, झेड, मोठ्याकडून लहानाकडे. शाळेतल्या बीजगणितात अज्ञात संख्यांना देतात तशी ही क्रमवार अक्षरे. त्यांत कुठल्या शब्दाचे आद्याक्षर शोधायचे कारण नाही.

मग एक्स सोडून डब्ल्यू का घेतला? युद्धानंतरचे नमुने जुन्यांपेक्षा इतके वेगळे होते की जुन्या मालिकेत ते घालणे गोंधळाचे झाले असते. वर्णमालेत एक्सच्या मागे एक पाऊल टाकले की डब्ल्यू. मला हेच पटते. मीटरगेजला मात्र नवे अक्षर मिळाले नाही. युद्धानंतरची वायपी आणि वायजी जुन्याच वायखाली राहिली, तोच वाय १९२०च्या दशकातल्या वायडीलाही होता. डब्ल्यू खरोखर रुंदपणाचा असता, तर एक्स कशाचा होता याचेही उत्तर द्यावे लागेल, आणि ते कुणी देत नाही.

भर म्हणून युद्धकाळातल्या इंजिनांनी आणखी एक डब्ल्यू आणला. एडब्ल्यूडी, सीडब्ल्यूडी, मीटरगेजवर एमएडब्ल्यूडी. यांतला डब्ल्यू ‘वॉर’चा, ए अमेरिकेचा आणि सी कॅनडाचा. त्यामुळे डब्ल्यूजीमधला डब्ल्यूही युद्धाचा असे समजणारेही भेटतात. तसे नाही. पुढे डिझेल आले तेव्हा दुसऱ्या जागी इंधनाचे अक्षर घालायची पद्धत पडली: डब्ल्यूडीएम, आणि आता मालगाडीच्या विजेवरच्या इंजिनाला डब्ल्यूएजी, ए म्हणजे एसी वीज. जुन्या डब्ल्यूजीच्या मधोमध ए बसवला की आजचे नाव तयार होते. वाफेला अक्षर नाही, कारण ती नावे ठरली तेव्हा इंजिन म्हटले की वाफेचेच गृहीत होते.

कोल्हापूर या वाटणीत वायच्या बाजूला पडले. १८८८ साली कुमारवयातल्या शाहू छत्रपतींच्या हस्ते पायाभरणी झाली, १८९१ साली मिरजेपासूनची गाडी सुरू झाली. मीटरगेज निवडले गेले, कारण मिरजेपर्यंत आलेली लाइनच मीटरगेजची होती. संस्थानाला दुसरा पर्याय नव्हता. पण त्या निवडीची किंमत ऐंशी वर्षे मोजावी लागली, आणि ती बाजारपेठेने मोजली. शाहूपुरीतून निघालेला गूळ रेल्वेने मुंबईकडे किंवा गुजरातकडे जायचा तर पुण्यात वाघिणी बदलाव्या लागत. मीटरगेजच्या वाघिणीतून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उतरवायचे, ब्रॉडगेजच्या वाघिणीत पुन्हा चढवायचे. ट्रान्सशिपमेंट या कोरड्या शब्दाआड हमालीचा खर्च, गेलेले दिवस आणि फुटलेले रवे असतात. प्रवाशांनाही पुण्यात सामान घेऊन गाडी बदलावी लागे.

मीटरगेजवर डब्ल्यूजीचे काम करणारे इंजिन म्हणजे वायजी. चाके तशीच २-८-२, पण चार फुटांची. आसभार साडेदहा टनांच्या घरात. जमशेदपूर, चित्तरंजन आणि परदेशी कारखाने मिळून हजारांवर वायजी बनली. रूप डब्ल्यूजीशी इतके मिळतेजुळते की फोटोतली गफलत समजण्यासारखी आहे.

ब्रॉडगेज कोल्हापुरात आले १९७१ला. त्याच वर्षी महालक्ष्मी एक्सप्रेस थेट मुंबईला धावू लागली. आता तारखा शेजारी ठेवा. शेवटची डब्ल्यूजी, क्रमांक १०५६०, नाव ‘अंतिम सितारा’, चित्तरंजनमधून बाहेर पडली १९७०च्या जूनमध्ये. शेवटची वायजी निघाली १९७२ला, आणि तिच्याबरोबर चित्तरंजनमधला वाफेचा विभागही थांबला. तोवर तिथे २,३५१ वाफेची इंजिने तयार झाली होती. म्हणजे डब्ल्यूजी जिच्यासाठी बनली ती रुंद वाट कोल्हापूरपर्यंत पोचली, तेव्हा नवी डब्ल्यूजी बनणे बंद झाले होते.

१९६२ साली अमेरिकेतून आलेले डब्ल्यूडीएम-२ डिझेल दोन वर्षांत वाराणसीत बनू लागले, तरी वाफेची इंजिने १९७२पर्यंत कशाला बनवली, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पुरता पटत नाही. कोळसा देशातला होता, तेल बरेचसे बाहेरचे. कारखाना, सुटे भाग, शेड, ड्रायव्हर, फायरमन सगळे वाफेवर तयार झालेले होते. पावडे हातात घेऊन भट्टीत कोळसा भरणाऱ्या फायरमनच्या अंगावर त्या धोरणाचा भार पडला, हे मात्र हिशोबात धरलेच पाहिजे.

फोटो ओळखायची एक सोपी खूण आहे. इंजिनाच्या पुढच्या तुळईकडे पाहा. दोन्ही बाजूंना गोल बफर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या तबकड्या, असतील तर ते ब्रॉडगेज, डब्ल्यूजी असू शकते. मधोमध एकच बफर असेल तर ते मीटरगेज. कोल्हापूर स्टेशनातल्या १९७१पूर्वीच्या फोटोत तो मधला एकटा बफरच दिसेल.