जुने युरोपीय फर्निचर व चित्रे : लिलाव

युरोपात साधारणतः अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रंगवली गेलेली चित्रे आणि यंत्रयुगापूर्वी हाताने घडवलेले फर्निचर जाहीर बोलीने विकण्याची पद्धत. अशा चित्रांना बाजारात ‘ओल्ड मास्टर्स’ म्हणतात. फर्निचरची काळमर्यादा तितकी पक्की नाही. अनेक देशांच्या सीमाशुल्क नियमांत मात्र शंभर वर्षांहून जुनी वस्तूच पुरातन धरली जाते. नवी वस्तू कोणी केली हे विकणाऱ्याला ठाऊक असते. येथे तेच बहुधा शोधून काढावे लागते, आणि म्हणून लिलावगृहाचे खरे काम हातोडा पडण्याच्या कित्येक महिने आधी सुरू होते.

स्टॉकहोममध्ये १६७४ साली आणि व्हिएन्नात १७०७ साली स्थापन झालेली लिलावगृहे आजही चालू आहेत; व्हिएन्नाचे डोरोथेउम हे मुळात सम्राट पहिला योसेफ याने काढलेले गहाणखाते होते. लंडनमध्ये सदबीज या लिलावगृहाची सुरुवात १७४४ मध्ये पुस्तकांच्या विक्रीने झाली, तर जेम्स क्रिस्टी याने १७६६ मध्ये आपली पहिली विक्री केली. पॅरिसमधील व्यापारी एदम-फ्रांस्वा जेर्सें याने १७३० च्या दशकापासून वस्तूंची सविस्तर वर्णने देणाऱ्या सूची छापल्या. आजच्या लिलावसूचीचे मूळ त्यांत सापडते. उत्तमोत्तम वस्तू बाजारात आल्या त्या बहुधा कोणाच्या तरी पडत्या काळात. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर व्हर्सायच्या राजवाड्यातील सामान ऑगस्ट १७९३ पासून जवळजवळ वर्षभर विकले जात होते आणि त्या लिलावात सतरा हजारांहून अधिक लॉट (एकेका बोलीत विकायचे नग किंवा संच) निघाले. स्कॉटलंडमधील हॅमिल्टन पॅलेसचा संग्रह १८८२ मध्ये सतरा दिवस चाललेल्या विक्रीत सुमारे चार लाख पौंडांना गेला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये संमत झालेल्या कायद्याने वंशपरंपरेने बांधल्या गेलेल्या मालमत्तेतील वस्तू विकण्याची वाट मोकळी केली, आणि धान्याचे भाव कोसळल्याने जमिनीच्या खंडावर जगणाऱ्या इंग्रज घराण्यांना ती हवीच होती.

विक्रीची रीत सोपी आहे. मालक वस्तू सोपवतो, तज्ज्ञ तिची किमान व कमाल अंदाजित किंमत ठरवतात, आणि दोघांच्या संमतीने ठरलेली राखीव किंमत गुप्त ठेवली जाते. बोली तिथपर्यंत पोहोचली नाही तर वस्तू परत जाते. हातोडा पडला की व्यवहार पक्का होतो. मात्र खरेदीदाराला त्या रकमेवर अधिमूल्य, म्हणजे लिलावगृहाची टक्केवारीची वाढीव आकारणी, द्यावे लागते. लंडनच्या दोन मोठ्या लिलावगृहांनी ते १९७५ मध्ये सुरू केले, आणि नवख्या ग्राहकाचा हिशेब बहुधा येथेच चुकतो.

सूचीतील शब्द करारनाम्याइतके तोलून वापरलेले असतात. चित्रकाराचे नुसते नाव दिले असेल, तर चित्र त्याच्याच हातचे आहे असे लिलावगृहाचे मत असते. ‘श्रेय अमुकाकडे’ म्हणजे बहुधा त्याचे. ‘कार्यशाळा’ म्हणजे त्याच्या देखरेखीखाली शिष्यांनी केलेले. ‘वर्तुळ’ म्हणजे त्याच्या काळातील, त्याच्या प्रभावाखालील अनामिकाचे. ‘धाटणी’ म्हणजे नंतरच्या काळात त्या शैलीत रंगवलेले. आणि ‘मूळ अमुकाचे’ म्हणजे ज्ञात चित्राची नक्कल. या पायऱ्यांमधले अंतर किती असते हे सतराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार रुबेन्स याच्या ‘निरपराध बालकांची हत्या’ या चित्राने दाखवले. दीर्घकाळ ते यान व्हान डेन हूके या त्याच्या सहकाऱ्याच्या नावावर होते आणि ऑस्ट्रियातील एका मठात टांगलेले होते. रुबेन्सचे म्हणून ओळख पटल्यावर २००२ मध्ये लंडनमध्ये ते ४ कोटी ९५ लाख पौंडांना विकले गेले. याच्या उलट, मेंटमोर या इंग्लंडमधील हवेलीत १९७७ साली झालेल्या विक्रीत लिलावगृहाचीच नजर चुकली. कार्ल व्हान लू याच्या नावाने आठ हजार पौंडांना गेलेले चित्र अठराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार फ्रागोनार याचे निघाले आणि पुढच्याच वर्षी ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत दाखल झाले. लिओनार्दोचे म्हणून २०१७ मध्ये न्यूयॉर्कला ४५ कोटी डॉलरना गेलेले ‘साल्व्हातोर मुंदी’ (जगाचा तारणहार) हे ख्रिस्ताचे चित्र १९५८ मध्ये लंडनमध्ये ४५ पौंडांना विकले गेले होते; त्यात लिओनार्दोचा स्वतःचा हात किती, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही.

जाणकार चित्र आधी उलटे करून पाहतो. मागच्या चौकटीवर लाखेच्या मोहरा, जुन्या प्रदर्शनांच्या चिठ्ठ्या आणि लिलावगृहाने काळ्या शाईत छापलेले साठाक्रमांक असतात. त्या क्रमांकावरून जुन्या वह्यांत ते चित्र कोणाकडून केव्हा आले हे सापडू शकते. ओकच्या फळीवर रंगवले असेल तर वर्षवलये मोजून झाड कोणत्या वर्षानंतर तोडले असावे हे ठरवता येते. प्रशियन निळा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी सापडला आणि टायटॅनियमचा पांढरा विसाव्या शतकात वापरात आला. तेव्हा सतराव्या शतकातील म्हणवल्या जाणाऱ्या चित्राच्या मूळ थरात यांपैकी काही आढळले, तर ते चित्र तेव्हाचे असू शकत नाही. अतिनील प्रकाशात जुने वॉर्निश हिरवट चमकते आणि नंतरची डागडुजी काळ्या ठिपक्यांसारखी उठून दिसते.

फर्निचरचेही तसेच. ओढून बाहेर काढलेला खण पुष्कळ काही सांगतो : तळाच्या फळीवर गोल करवतीचे वळणदार ओरखडे असतील तर ती एकोणिसाव्या शतकाआधीची नसते, सांधे हाताने कापलेले असतील तर त्यांची रुंदी थोडी कमीजास्त असते. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसत जाते, त्यामुळे अडीचशे वर्षांपूर्वी अचूक गोल कापलेले टेबल आज मोजल्यास किंचित लंबगोल भरते. पॅरिसच्या कारागीर संघाने १७४३ च्या नियमावलीने सभासदांना आपल्या कामावर नावाचा ठसा उमटवणे बंधनकारक केले आणि १७९१ मध्ये संघ बरखास्त होईपर्यंत तो नियम टिकला. तरी ठसा हा निर्णायक पुरावा नव्हे, कारण तो मागाहूनही मारता येतो. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे एका कपाटाचा वरचा भाग दुसऱ्याच्या खालच्या भागावर बसवणे. दोन्ही भाग अस्सल जुने, पण ती वस्तू कधीच अस्तित्वात नव्हती. अति उत्साहाने घासून नवे पॉलिश दिल्यानेही मोठे नुकसान होते, कारण शतकांच्या हाताळणीने आलेली झिलई पुन्हा आणता येत नाही.

गेल्या पाव शतकात महॉगनीच्या साध्या कपाटांना व टेबलांना मागणी घटली आणि त्यांचे भाव पुष्कळ उतरले. अपूर्व वस्तूंचे गणित वेगळे आहे. फ्लॉरेन्समध्ये आबनूस आणि रंगीत दगडांच्या जडावाने घडवलेली, बोफर्टच्या तिसऱ्या ड्यूकने मागवलेली बॅडमिंटन कपाटिका १९९० मध्ये ८५ लाख पौंडांहून अधिक किमतीला आणि २००४ मध्ये सुमारे १ कोटी ९० लाख पौंडांना गेली.

कायद्याचे बंधनही वाढले आहे. नाझी राजवटीत लुबाडलेल्या कलाकृतींविषयी १९९८ मध्ये वॉशिंग्टन येथे ४४ देशांनी तत्त्वे मान्य केल्यापासून १९३३ ते १९४५ या काळातील मालकीचा तपशील सूचीत बारकाईने पाहिला जातो. फ्रान्समध्ये हातोडा पडल्यावरही सरकार त्याच किमतीला वस्तू स्वतःकडे घेऊ शकते, आणि राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या वस्तूची निर्यात काही काळ थांबवू शकते. कॉम्पिएन्य येथील एका घरात स्वयंपाकाच्या शेगडीवर टांगलेली, जेमतेम २६ सेंटिमीटर उंचीची एक रंगवलेली फळी तेराव्या शतकातील इटालियन चित्रकार चिमाबुए याची असल्याचे २०१९ मध्ये कळले. मागच्या बाजूला किड्यांनी पोखरलेल्या वाटा लंडन व न्यूयॉर्कमधील त्याच संचातील फळ्यांशी जुळत होत्या. साँलिस येथील लिलावात ४० ते ६० लाख युरोंचा अंदाज असताना बोली अधिमूल्यासह २ कोटी ४० लाख युरोंच्या पुढे गेली. सरकारने निर्यात रोखली, आणि २०२३ मध्ये ते चित्र लूव्हर संग्रहालयाने विकत घेतले.