स्वस्त सुटा भाग म्हणजे नकली भाग? एक खुलासा

"सेसना १७२ या छोट्या विमानाचा सुटा भाग मूळ कंपनीच्या खोक्यातलाच हवा, अमेरिकेतून स्वस्तात येतो तो नकली," असं फ्लाइंग क्लबांत वर्षानुवर्षं ऐकू येतं. हे खरं नाही. अमेरिकेची एफएए ही नियामक संस्था रचना आणि उत्पादनपद्धत तपासून दुसऱ्या उत्पादकालाही सुटे भाग बनवायला पीएमए ही मान्यता देते. छोट्या विमानांच्या लायकमिंग इंजिनांसाठी सुपीरियर एअर पार्ट्स ही दुसरी कंपनी असे सिलिंडर बनवते, आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहेत.

भीतीला कारण आहे, हे मान्य. १९८९ मध्ये पार्टनेअर या नॉर्वेच्या विमान कंपनीचं विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळलं, ५५ जण गेले. शेपटीत बनावट, निकृष्ट बोल्ट सापडले. पण नकली माल महागही विकला जातो. त्यामुळे कागद बघा. भागासोबत येणाऱ्या एफएएच्या ८१३०-३ या प्रमाणपत्र-फॉर्मचा ११ वा रकाना नीट वाचा: 'न्यू' लिहिलंय, 'ओव्हरहॉल्ड' (पूर्ण खोलून दुरुस्त केलेला), की नुसतंच 'इन्स्पेक्टेड'? जुन्या भागाची खरी अवस्था तिथं कळते. अनुक्रमांक असेल तर तो भागावरच्या आकड्याशी ताडून पाहा. फॉर्मही खोटा असू शकतो. शंका आली की फॉर्मवर सही करणाऱ्या उत्पादकाला किंवा रिपेअर स्टेशनलाच (दुरुस्ती केंद्रालाच) थेट विचारा. आणि पैसे भरण्याआधी प्रत आपल्या परवानाधारक इंजिनिअरला दाखवा, कारण भाग बसवल्यावर सही त्यांना करायची असते.