रेडिओ शॅक

रेडिओ शॅक : इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, जोडसंच व घरगुती उपकरणे विकणारी अमेरिकी दुकानसाखळी. स्थापना बॉस्टन, १९२१. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या लहान गावांतही तिची शाखा असे. जळालेला रेझिस्टर, नऊ व्होल्टची बॅटरी किंवा अँटेनाची जोडपिन पायी चालत जाऊन आणता येईल असे हे दुकान होते. २०१५ व २०१७ साली कंपनीने दिवाळखोरीचे अर्ज केले आणि साखळी जवळजवळ नामशेष झाली. इंग्रजीत हे नाव मुळात दोन सुटे शब्द होते; १९९०च्या दशकात कंपनी ते जोडून लिहू लागली. या नोंदीत जुने रूप ठेवले आहे.

नाव व आरंभ : थिओडोर व मिल्टन डॉइचमन या भावांनी बॉस्टनच्या ब्रॅटल स्ट्रीटवर दुकान थाटले. नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारे दिली जाते. पहिल्या मतानुसार ते जहाजावरून आले. बिनतारी संदेशयंत्रणा आली तेव्हा जुन्या जहाजांच्या बांधणीत तिच्यासाठी जागा नव्हती. डेकवर छोटे लाकडी खोपटे उभारून त्यात यंत्र आणि ते चालवणारा अधिकारी यांची सोय करीत. हे खोपटे म्हणजे ‘रेडिओ शॅक’. दुसऱ्या मतानुसार ते हौशी बिनतारी चालकांच्या, म्हणजे ‘हॅम’ मंडळींच्या बोलीतून आले. घरातल्या यंत्राच्या खोलीला ते आजही ‘शॅक’ म्हणतात. दोन्ही मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. दुकानाचे गिऱ्हाईक जहाजांवरचे रेडिओ अधिकारी आणि हॅम असे दोन्ही होते. तरी बॉस्टन हे बंदर, सुरुवातीचा माल जहाजी यंत्रणेचा, आणि हॅमांनी हा शब्द बहुधा जहाजांकडूनच उचललेला. हे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

टपालाने मागणी नोंदवण्याचा पहिला कॅटलॉग काही ठिकाणी १९३९चा, तर काही ठिकाणी १९४०चा दिला जातो. वर्षअखेरीस निघून पुढच्या वर्षाचा आकडा मिरवणाऱ्या प्रकाशनांबाबत हा घोळ नेहमीचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर हाय-फाय (मूळ आवाजाशी प्रामाणिक) ध्वनियंत्रणेचा शौक वाढला तसा दुकानाचा पसाराही वाढला. ‘रिअलिस्ट’ हे स्वतःचे व्यापारनाम कंपनीने काढले, पण त्याच नावाचा त्रिमिती कॅमेरा बाजारात असल्याने ते ‘रिअलिस्टिक’ असे बदलावे लागले. १९६०च्या सुमारास उधारीची विक्री आणि तुंबलेला माल यांमुळे कंपनी बुडण्याच्या बेतात आली. दुकाने जेमतेम नऊ होती.

टँडी काळ : टेक्ससमधील फोर्ट वर्थच्या टँडी कॉर्पोरेशनने ही कंपनी घेतली. वर्ष १९६२ की १९६३, याबाबत संदर्भग्रंथांत एकवाक्यता नाही. खरेदीचा हक्क आधी मिळाला आणि ताबा नंतर आला, असे धरल्यास दोन्ही नोंदी जुळतात. व्यवहार पूर्ण झाल्याचे वर्ष म्हणून १९६३ घेणे बरे. किंमत सुमारे ३ लाख डॉलर सांगितली जाते. टँडी हे मूळचे चामड्याचे व्यापारी. हौसेने चामड्याच्या वस्तू करणाऱ्यांना ते कातडी, हत्यारे व संच विकत. रेडिओच्या हौशी माणसात कंपनीचे प्रमुख चार्ल्स टँडी यांना तेच गिऱ्हाईक दिसले असावे.

टँडी यांनी टपालविक्री व उधारी बंद केली. कॅटलॉगमधल्या सुमारे ४०,००० जिनसांतून २,५०० ठेवल्या. ८० टक्के विक्री ज्या २० टक्के मालावर होते तो शोधा, हा त्यांचा आग्रह. मोठ्या दालनांऐवजी भाड्याचे लहान गाळे घेतले, म्हणजे एखादी जागा चालली नाही तर ती सोडणे सोपे. प्रसिद्ध कंपन्यांच्या मालाऐवजी आर्चर, रिअलिस्टिक, सायन्स फेअर अशा स्वतःच्या नावांनी माल करवून घेतला आणि मधल्या दलालाचा नफा आपल्याकडे वळवला. दर महिन्याला एक बॅटरी फुकट देणारे कार्ड हाही त्या काळचाच. बॅटरीच्या निमित्ताने गिऱ्हाईक महिन्यातून एकदा दुकानात येई. खरेदीच्या वेळी नाव-पत्ता विचारून टपालयादी वाढवली जाई. चार आण्याच्या वस्तूसाठी पत्ता द्यावा लागतो याची चेष्टाही पुष्कळ झाली. ही प्रथा २००२ मध्ये थांबली.

१९७०च्या दशकाच्या मध्यास ट्रकचालकांमुळे लोकप्रिय झालेल्या सीबी (नागरी पट्टा, म्हणजे सामान्य माणसाला जवळपासच्यांशी बोलता येईल अशा) रेडिओने साखळीला भरभराट आणली. ही लाट १९७७-७८ च्या सुमारास ओसरली. नेमक्या त्याच वेळी संगणक आला.

टीआरएस-८० : ३ ऑगस्ट १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये जाहीर झालेला हा घरगुती संगणक ॲपल-२ आणि कमोडोर पेट यांचा समकालीन. आराखडा स्टीव्ह लाइनिंगर यांचा. झायलॉग झेड-८० प्रक्रियक, वेग १.७७ मेगाहर्ट्झ, स्मृती ४ किलोबाइट, साठवणीसाठी कॅसेट. पडद्यासह किंमत ५९९.९५ डॉलर. कंपनीच्या स्वतःच्या दुकानांइतकेच, म्हणजे सुमारे ३,५०० नग आधी करायचे ठरले. गिऱ्हाईक मिळाले नाही तर प्रत्येक दुकान एकेक यंत्र हिशेबासाठी वापरील असा विचार होता. प्रत्यक्षात पहिल्या वर्षात ५०,०००हून अधिक नग गेले.

पडद्यावर ६४ अक्षरांच्या १६ ओळी येत, पण इंग्रजी लहान लिपीतली अक्षरे उमटत नसत. कारण काटकसरीचे. पडद्यासाठीच्या स्मृतीत प्रत्येक अक्षराला आठ बिट हवे असताना सातच चिप बसवल्या होत्या. सहावा बिट स्वतंत्र न साठवता इतर बिटांवरून साध्या तर्कद्वारांनी (लॉजिक गेट) काढला जाई, त्यामुळे मोठ्या लिपीचा संच तेवढा हाती राही. हौशी मंडळींनी यावर लगेच उपाय काढला. आठवी चिप आधीच्या चिपच्या पाठीवर बसवायची, बहुतेक पाय खालच्या पायांना झाळायचे, एखादा पाय मोकळा ठेवून त्याला वेगळी तार जोडायची आणि मंडलपट्टीवरचा (सर्किट बोर्ड) एक विद्युतमार्ग कापायचा. त्यासाठी लागणारी तार व झाळ त्याच दुकानात मिळत. दुकान आणि गिऱ्हाईक यांचे नाते कसे होते, हे विक्रीच्या कुठल्याही आकड्यापेक्षा या दुरुस्तीतून अधिक कळते. रेडिओलहरींच्या गळतीबाबतचे नवे सरकारी नियम या नमुन्याला पाळता येण्यासारखे नव्हते, म्हणून १९८१च्या आरंभी त्याचे उत्पादन थांबले.

चार्ल्स टँडी १९७८ मध्ये वारले. पुढच्या यंत्रांत १९८३चा मॉडेल १०० (जपानच्या क्योसेराने बनवलेला, सोबत नेता येणारा, वार्ताहरांचा लाडका) आणि १९८४चा टँडी १००० ही मुख्य. १९९३ मध्ये कंपनीने संगणकनिर्मिती विकून टाकली. याच काळात दुकानांतून इलेक्ट्रॉनिकीवरचे लेखक फॉरेस्ट मिम्स यांच्या हस्ताक्षरात छापलेल्या, आलेखकागदी पानांच्या पुस्तिका विकल्या जात. अमेरिकेतल्या एका पिढीने ट्रँझिस्टर आणि टायमर चिप यांची ओळख त्यांतून करून घेतली.

ऱ्हास : १९९०च्या दशकाअखेर दुकानांची संख्या सर्वाधिक होती. हा आकडा ७,०००पासून ८,०००पर्यंत वेगवेगळा मिळतो. परवानाधारकांची आणि परदेशी दुकाने धरली की नाही यावर फरक पडतो. २००० साली टँडी कॉर्पोरेशनने साखळीचेच नाव घेतले. ‘तुमच्याकडे प्रश्न आहेत, आमच्याकडे उत्तरे’ हे १९९४चे घोषवाक्य पुढे ‘तुमच्याकडे प्रश्न आहेत, आमच्याकडे कोरे चेहरे’ असे विडंबनात फिरू लागले.

ऱ्हासाची कारणमीमांसा तीन प्रकारे केली जाते. एक, आंतरजालावरची विक्री व मोठी दालने. दोन, छंदच आटला : संकलित मंडले आणि पृष्ठभागावर चिकटवलेले सूक्ष्म भाग आल्यावर घरी दुरुस्ती करण्यासारखे फारसे उरले नाही. तीन, कंपनीने मोबाइल जोडण्यांच्या दलालीवर सारा भर टाकला. पहिले कारण खरे असले तरी अपुरे आहे, कारण दुकानात भिंतभर टांगलेले सुटे भाग कमी होत मागच्या पोलादी खणांत गेले, याचे कारण कुठल्या मालाला किती जागा द्यायची या हिशेबात अधिक आढळते. दुसऱ्याला कालक्रम आड येतो. हौशी मंडळींना सुटे भाग विकणाऱ्या कंपन्यांपैकी स्पार्कफन २००३ मध्ये आणि ॲडाफ्रूट २००५ मध्ये सुरू झाली. आर्डुइनो हा हौशींसाठीचा छोटा नियंत्रक-फलकही २००५चाच. म्हणजे छंद नव्याने जोर धरत असताना हे दुकान फोन विकत होते. तिसरे कारण म्हणूनच अधिक वजनाचे. २०११-१२ च्या सुमारास विक्रीचा जवळपास निम्मा वाटा मोबाइलचा होता. दूरध्वनी कंपन्या स्वतःची दुकाने काढू लागल्या आणि महागड्या स्मार्टफोनांवर दलाली कमी सुटू लागली, तेव्हा हाच आधार खचला. आर्डुइनोचे संच २०११ मध्ये दुकानांत आले, पण उशिरा.

व्यवस्थापनाचा भागही कमी नाही. मुख्याधिकारी डेव्हिड एडमंडसन यांनी शैक्षणिक पदव्यांविषयी खोटी माहिती दिल्याचे उघड झाल्यावर २००६च्या फेब्रुवारीत राजीनामा दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुख्यालयातील सुमारे ४०० जणांना नोकरी गेल्याची सूचना ई-मेलने देण्यात आली. शिवाय त्या दशकात स्वतःचे शेअर परत घेण्यावर कंपनीने मोठी रक्कम घातली.

२०१४ मध्ये सुपर बोल या फुटबॉल सामन्याच्या वेळी दाखवलेल्या जाहिरातीत कंपनीने स्वतःच्या जुनाटपणाची थट्टा केली. पाठोपाठ मार्चमध्ये १,१०० पर्यंत दुकाने बंद करण्याचा बेत जाहीर झाला. कर्जदात्यांनी तो अडवला. सलग अकरा तिमाह्यांच्या तोट्यानंतर ५ फेब्रुवारी २०१५ रोजी दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. जनरल वायरलेस या कंपनीने सुमारे १,७४० दुकाने घेतली आणि त्यांतल्या बहुतेकांत स्प्रिंट या दूरध्वनी कंपनीला जागा दिली. लिलावात नावाबरोबर ग्राहकांची माहितीही आली. पिढ्यान्पिढ्या मागून घेतलेले हे नाव-पत्ते विकण्यास टेक्सससह अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी हरकत घेतली, आणि तडजोडीत त्यातला फार थोडा भाग खरेदीदाराला मिळाला. मार्च २०१७ मध्ये दुसरा अर्ज आला. मेअखेर सुमारे हजार दुकाने बंद झाली. उरली ती बहुतेक परवान्यावर चालणारी काहीशे दुकाने, मुख्यतः लहान गावांतली.

कॅनडातील दुकाने सर्किट सिटी या दुसऱ्या अमेरिकी दुकानसाखळीने मूळ परवानाधारक कंपनीसह घेतली आणि २००५ मध्ये त्यांचे नाव बदलले. अमेरिकेतील नाव २०२० मध्ये एका आंतरजाल-विक्री कंपनीकडे गेले. तिने ते काही काळ कूटचलनाच्या व्यवहारांसाठी वापरले. २०२३ मध्ये एल साल्व्हादोरच्या युनिकोमरने ते घेतले. मध्य अमेरिकेत रेडिओ शॅकची दुकाने ही कंपनी त्याआधीपासून चालवत होती.