‘हे पंडित कुठल्या घराण्याचे?’ : आमच्या एक्झॉटिका-लाउंज कप्प्याविषयी

जुन्या तबकड्यांच्या आमच्या दुकानात खिडकीखालच्या कप्प्यावर ‘एक्झॉटिका – लाउंज’ अशी चिठ्ठी आहे. तिथली एक एल.पी. हातात घेऊन एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, ‘‘हे पंडित कुठल्या घराण्याचे?’’ कव्हरवर फेटा बांधलेला तरुण, फेट्याच्या मधोमध रत्न, नजर थेट समोरच्यावर रोखलेली. नाव कोर्ला पंडित. प्रश्न अगदी रास्त होता. गल्ल्यापाशी उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येईना, म्हणून हे पत्रक छापलं. या कप्प्यातली कोणतीही तबकडी घेतलीत तर ते पिशवीत घालून देतो.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत एल.पी. आणि हाय-फाय यंत्रं पोचली. दिवसभर राबून आलेल्या माणसाने दिवाणखान्यात बसून तबकडीवर सुई टेकवावी आणि पुढची वीस मिनिटं कधी न पाहिलेल्या बेटावर घालवावीत, यासाठी रचलेलं संगीत म्हणजे एक्झॉटिका. त्यात व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) असतो, बोंगो (हातांनी वाजवायचे छोटे जोडढोल) असतात, बांबूच्या नळ्या असतात, मधूनच पक्ष्याची शीळ येते. लेस बॅक्स्टर यांची ‘रिच्युअल ऑफ द सॅव्हेज’ ही १९५१ची तबकडी या साऱ्याची गंगोत्री मानतात. नावाचा अर्थ ‘रानटी माणसाचा विधी’. तिच्यातलं ‘क्वाएट व्हिलेज’ (‘शांत खेडं’) पुढे मार्टिन डेनी यांच्या चमूने वाजवलं आणि १९५९मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेलं. लाउंज हे त्याचंच शहरी भावंड, हॉटेलातल्या बैठकीत गप्पांच्या आड न येता वाजत राहणारं.

आम्हाला हे संगीत मनापासून आवडतं, नाहीतर इतक्या लांबून या तबकड्या मागवल्या नसत्या. पण कव्हरमागचा मजकूर आणि खरी हकिकत यांत किती अंतर आहे हे एकदा कळलं की तीच धून पहिल्यासारखी ऐकू येत नाही. ते अंतर विकत घेणाऱ्याला माहीत असावं असं आम्हाला वाटतं.

पंडितांपासून सुरुवात करू. जाहिरातीतली त्यांची ओळख अशी : जन्म नवी दिल्लीचा, वडील ब्राह्मण, आई फ्रेंच गायिका. १९४९पासून लॉस एंजेलिसच्या केटीएलए वाहिनीवर त्यांचा कार्यक्रम होई. ते हॅमंड ऑर्गन आणि पियानो वाजवत, कॅमेऱ्यात खोल बघत आणि एक शब्दही बोलत नसत. १९९८मध्ये ते वारले. त्यानंतर तीन वर्षांनी, २००१मध्ये, लॉस एंजेलिसच्या एका मासिकात लेख आला आणि खरं नाव बाहेर पडलं : जॉन रोलंड रेड. जन्म १९२१चा, मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसचा. आफ्रिकन-अमेरिकन कुटुंब, वडील बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक.

हा माणूस भोंदू होता असं म्हणून तबकडी बाजूला ठेवू नका, एवढीच विनंती. लॉस एंजेलिसमध्ये १९५३पर्यंत वादकांच्या संघटनाच दोन होत्या, गोऱ्यांची वेगळी आणि काळ्यांची वेगळी, आणि चांगली कामं पहिलीकडे जात. रेड यांनी आधी ‘ह्वान रोलांडो’ असं मेक्सिकन नाव घेऊन पाहिलं, मग फेटा बांधला. त्यांची पत्नी गोरी होती, आणि गोऱ्या-काळ्यांचं लग्न कॅलिफोर्नियात १९४८पर्यंत कायद्यालाच मान्य नव्हतं. आपल्या स्वतःच्या रूपात या माणसाला ज्या दारातून आत जाता आलं नसतं, त्या दारातून ‘हिंदू’ म्हणून जाता आलं. आणि खऱ्या भारतीयांचं काय? १९४६च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त १०० जणांना अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी येता येत असे. दूरचित्रवाणीवरचा भारत लाडका होता, बंदरावर उतरणारा भारत मोजून मापून आत घ्यायचा होता. रेड यांनी उरलेली सगळी वर्षं, दुकानाच्या पायरीवर असोत की मित्रांच्या घरी, पंडित म्हणून काढली. त्यांचा ऑर्गन ऐकताना आम्हाला आता ते मौन जास्त ऐकू येतं.

त्या गृहस्थांना आम्ही सांगितलं, घराणं नाही. त्यांनी तबकडी घेतली.

इमा सुमाक यांची गोष्ट उलट्या बाजूची. त्या खरोखरच पेरूच्या. आवाज चार सप्तकांहून अधिक फिरे, खोल गुरगुरण्यापासून पाखराच्या चिवचिवाटापर्यंत. १९५०मध्ये कॅपिटॉल कंपनीने त्यांची ‘व्हॉइस ऑफ द श्ताबाय’ काढली, संगीत-संयोजन लेस बॅक्स्टर यांचं. प्रचार असा की या इंका सम्राट अताहुआल्पाच्या वंशातल्या राजकन्या आणि गाणी प्राचीन स्तोत्रं. खरं तर त्यातली बहुतेक गाणी त्यांचे पती मोइसेस विवांको यांनी बांधलेली होती. ‘श्ताबाय’ तर इंकांची नव्हेच, ती मेक्सिकोतल्या युकातानच्या माया लोकांच्या दंतकथेतली बाई. म्हणजे कोकणातल्या गायिकेची ओळख बंगालच्या लोककथेवरून करून द्यावी तसं झालं. पुढे याचीच दुसरी बाजू वर आली. लोक म्हणू लागले की ही पेरूची नाहीच, ब्रुकलिनमधली एमी कॅमस आहे, नाव उलटं करून आली आहे. आधी राजकन्या केलं, मग खोटी ठरवलं. त्यांच्या तयारीबद्दल, श्वासावरच्या ताब्याबद्दल या गोंधळात फारच थोडं लिहिलं गेलं.

आता हवाई, कारण या कप्प्यातल्या निम्म्या कव्हरांवर तीच बेटं आहेत.

मार्टिन डेनी न्यू यॉर्कचे पियानोवादक, १९५४मध्ये कामासाठी होनोलुलूला आले. वाइकिकीच्या हवाइयन व्हिलेज हॉटेलातल्या शेल बारमध्ये त्यांचा चमू वाजवू लागला. व्यासपीठाशेजारी छोटं तळं होतं, त्यात बेडूक. डेनी सांगत की वादन सुरू झालं की बेडूक ओरडत आणि थांबलं की तेही गप्प होत. मग वादकांनी गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढले आणि दुसऱ्या दिवशी श्रोते तेच मागू लागले. त्या शिळा बहुतेक चमूतल्या ऑगी कोलोन यांच्या. ते प्वेर्तो रिकन वंशाचे. हवाईच्या उसाच्या मळ्यांवर प्वेर्तो रिकोहून मजूर आणायला १९००मध्ये सुरुवात झाली होती. व्हायब्राफोन वाजवणारे आर्थर लायमन तिथलेच, हवाईत जन्मलेले. कव्हरवर मात्र दोघांपैकी कुणी नाही. तिथे एकच गोरी अमेरिकन मॉडेल, तबकडीगणिक केसांचा रंग बदलून, कधी आफ्रिकेची तर कधी पूर्वेकडची म्हणून उभी.

बेटांचा इतिहास कव्हरवर येणं शक्यच नव्हतं. १८९३मध्ये अमेरिकन मळेवाल्यांनी, आपल्या नौसैनिकांच्या बळावर, राणी लिलिउओकलानी यांना पदच्युत केलं. १८९६च्या कायद्याने शाळेतून हवाइयन भाषा गेली. १८९८मध्ये बेटं अमेरिकेत सामील केली आणि १९५९मध्ये ती राज्य झाली, म्हणजे ‘क्वाएट व्हिलेज’ गाजलं त्याच साली. ‘अलोहा ओए’ तुम्ही नक्की ऐकलं असेल, आपल्याकडे हवाइयन गिटार शिकणाऱ्यांच्या हातात ते असायचंच. ते याच राणीने रचलेलं आहे.

आणि बॉम्ब. हा भाग लिहिताना आम्ही बराच वेळ थांबलो होतो.

ज्या पॅसिफिकची स्वप्नं या तबकड्या विकत होत्या, त्याच पॅसिफिकमध्ये अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. बिकिनी बेटावरच्या १६७ माणसांना ‘तात्पुरतं’ म्हणून हलवलं. १ मार्च १९५४च्या ‘कॅसल ब्राव्हो’ चाचणीची ताकद १५ मेगाटन निघाली, अपेक्षेच्या अडीचपट. तिची राख राँगेलाप बेटावरच्या लोकांवर पडली आणि एका जपानी मासेमारी बोटीवरच्या २३ खलाशांवरही. हवाईच्याच काहोओलावे बेटावर अमेरिकी सैन्य १९४१पासून १९९०पर्यंत बॉम्बफेकीचा सराव करत राहिलं.

८ जुलै १९६२च्या रात्री पॅसिफिकमधल्या जॉन्स्टन बेटावर, जमिनीपासून ४०० किलोमीटर उंचीवर, १.४ मेगाटनचा बॉम्ब उडवला. होनोलुलू तिथून सुमारे १,४५० किलोमीटर दूर. तरी तिथले रस्त्यावरचे शेकडो दिवे विझले आणि आकाश हिरवं, पिवळं, मग लाल झालं. वाइकिकीतल्या काही हॉटेलांनी त्या रात्री गच्चीवर ‘इंद्रधनुष्य बॉम्ब’ पाहायला मेजवान्या ठेवल्या होत्या. पेले भरलेले, खाली बारमध्ये बोंगो. ‘शांत खेडं’ असं नाव असलेली धून ऐकताना ती गच्ची डोळ्यांसमोरून हलत नाही.

लाउंजचीही हीच तऱ्हा. लास व्हेगासच्या कसिनोंत लाउंजमधलं संगीत तिकिटाविना असे. जुगाऱ्याने टेबलापासून फार दूर जाऊ नये, एवढाच त्यामागे हिशेब. १९५१पासून नेवाडाच्या वाळवंटात, तिथून शंभरेक किलोमीटरवर, अणुचाचण्या सुरू झाल्या आणि पहाटेचा स्फोट दिसेपर्यंत रात्रभर गाणं-पिणं चाले. वारा युटाच्या खेड्यांकडे वाहायचा. तिथल्या कॅन्सरग्रस्तांना भरपाईचा कायदा मिळायला १९९० उजाडलं.

त्याच व्हेगासमध्ये काळे गायक रंगमंचावर टाळ्या घेत आणि त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. रात्री शहराच्या पश्चिम भागातल्या साध्या खानावळ-घरांत ते परतत. २६ मार्च १९६० रोजी हॉटेलमालक आणि नागरी हक्कांचे कार्यकर्ते यांच्यात समझोता झाला, तेव्हा कुठे ही बंदी सैल झाली. आमच्याकडे नॅट किंग कोल यांच्या तबकड्या नेहमी असतात. त्यांच्या आवाजाला लोक मखमल म्हणतात. १९५६मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात ते गात असताना गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी व्यासपीठावर चढून त्यांच्यावर हल्ला केला. त्याच वर्षी सुरू झालेला त्यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम पुढच्या वर्षी बंद पडला, कारण देशभराचा प्रायोजक एकही पुढे आला नाही.

याची मुळं आणखी मागे जातात. न्यू यॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये १९२७पासून ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद वाजवत असे. कलाकार काळे, प्रेक्षक फक्त गोरे, सजावट जंगलाची किंवा मळ्याची. त्यांच्याच ट्रॉम्बोनवादकाने, प्वेर्तो रिकोच्या ह्वान तिझोल यांनी, ‘कॅरॅव्हॅन’ची धून दिली. १९३६ची ही रचना या कप्प्यातल्या डझनभर तबकड्यांवर सापडेल. वाळवंट, उंट, तंबू हे सगळं दिसतं, पण ती जन्मली हार्लेमच्या, म्हणजे न्यू यॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीच्या, जगात.

हे सारं दूरचं म्हणून सोडून द्यावं, असंही नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात बोंगो, ट्रम्पेट, मराकस आले ते बरेचसे गोव्याच्या वादकांच्या हातून. ‘अलबेला’त (१९५१) सी. रामचंद्रांच्या संगीतात चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावर दिसतो, हे आपलं भाग्य. गोव्याच्या आल्दोना गावच्या या माणसाचं खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. बाकी कितीजण तबकडीच्या लेबलावर आलेच नाहीत. आणि पिसं खोवून, अंगाला काळं फासून, अर्थहीन शब्दांवर नाचणारे ‘आदिवासी’ आपल्या हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षं दाखवले. वारली, कातकरी, गोंड यांची खरी गाणी तेव्हाही सह्याद्रीत आणि गडचिरोलीत होती. आपणही कुणाला तरी एक्झॉटिका केलंच.

एक तबकडी मात्र आवर्जून ऐका. डेनी यांची ‘फायरक्रॅकर’ ही १९५९ची धून म्हणजे अमेरिकन कानाने कल्पिलेला पूर्वेकडचा देश. १९७८मध्ये हारुओमी होसोनो आणि त्यांच्या जपानी सोबत्यांनी, म्हणजे यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने, तीच धून संगणक आणि सिंथेसायझरवर वाजवली. ज्यांचं चित्र परस्पर काढलं गेलं होतं त्यांनी ते हातात घेऊन, नवे रंग भरून परत पाठवलं. दोन्ही तबकड्या आल्या की आम्ही लागोपाठ वाजवतो.

आता खरेदीविषयी. डेनी यांच्या ‘एक्झॉटिका’च्या दोन आवृत्त्या आहेत, आणि त्या एकाच ध्वनिमुद्रणाच्या नाहीत. पहिली मोनो (एकाच वाटेने येणाऱ्या आवाजाची), डिसेंबर १९५६ची, तिच्यात लायमन आहेत. ते चमू सोडून गेल्यावर १९५८मध्ये सगळी तबकडी स्टिरिओसाठी (डाव्या-उजव्या अशा दोन वाटांच्या आवाजासाठी) पुन्हा वाजवली, तेव्हा व्हायब्राफोनवर ज्युलियस वेक्टर आले. डेनी यांना स्वतःला पहिलीच जास्त आवडे, आम्हालाही. कव्हर बघून फसू नका, लेबलावरचा क्रमांक आम्हाला विचारा. मोनो तबकडी स्टिरिओ सुईवर बिनधास्त लावा, अॅम्प्लिफायरला मोनोचं बटण असेल तर दाबा, खरखर कमी होते. जुन्या मोनो सुईवर स्टिरिओ तबकडी मात्र लावू नका, खाचा खराब होतात. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट लावायचं नाही. तबकड्या उभ्याच ठेवा.

प्रत्येक कव्हरच्या आत आम्ही आमच्या अक्षरात एक चिठ्ठी घालतो. खरे वादक कोण, धून मुळात कुणाची, एवढं तिच्यावर असतं, आणि जेवढं खात्रीने कळलं तेवढंच लिहितो. चिठ्ठीत चूक आढळली किंवा एखादं नाव तुम्हाला ठाऊक असेल तर दुकानात येऊन सांगा, पुढच्या प्रतीत दुरुस्त करू. तबकडी घेण्याआधी दोन्ही बाजू दुकानात ऐकून पाहता येतात, त्यासाठी कोपऱ्यात खुर्ची आणि हेडफोन ठेवले आहेत.